अण्णांना घेऊन मालवण-वेंगुर्ला

कोल्हापूरकर मालवणला जातो ते खायला. सुरमईची थाळी, सोलकढी, तारकर्लीला पाण्यात एक बुडी, येताना काजू आणि खाजं; झालं मालवण. आमचंही आजवर असंच व्हायचं. या वेळी गाडीत अण्णा होते, म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पाणी दिसलं की यांची ड्यूटी सुरू होते. हे पाणी कुणाचं, पाळी कोण ठरवतंय आणि पाळी मोडली तर पकडतंय कोण, हे तीन प्रश्न ते नदीला, कालव्याला, शेजाऱ्याच्या बोअरलाही विचारतात. या वेळी समुद्राला विचारले. त्यामुळे खाण्याव्यतिरिक्त एवढं सगळं लिहावं लागतंय, त्याचं श्रेय त्यांनाच.

शुक्रवार: राधानगरी, फोंडा घाट, आचरा

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी हवेत गारठा आणि अकरा वाजता चटका, असे दिवस. मालवणला जायला करूळ घाटही आहे, पण अण्णांना राधानगरी दाखवायची होती. "दाखवायची" म्हणजे आम्हाला. त्यांची निम्मी नोकरी भोगावतीच्या काठावर गेली.

धरणाजवळ गाडी थांबवली. शाहू महाराजांनी 1907 साली या धरणाचा निर्णय घेतला, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात तर अख्खं शहर "राधानगरीचे किती दरवाजे उघडले" यावर झोपतं आणि उठतं. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की आपोआप उघडणारे. अण्णांचं मत असं की उघडणारं पाणी सांभाळायला फार अक्कल लागत नाही, ती लागते मार्च ते मेमध्ये, पाणी कमी पडायला लागल्यावर.

मग त्यांनी उपसाबंदीचं पुराण लावलं. खाली नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, आणि काठावर दोन्ही बाजूंनी उसाच्या मोटारी. पाणी कमी पडलं की खातं उपसाबंदी जाहीर करतं. "नोटीस काढायला काय, एक टायपिस्ट आणि एक शिक्का लागतोय," अण्णा म्हणाले. "पण रात्री दोनला मोटार कुणी चालू केली हे ऑफिसात कळत नाही. ते शेजारच्या शेतकऱ्याला कळतंय. तो बोलला तर बंदी, नाही बोलला तर कागद." शेतकऱ्यांच्या इरिगेशन फेडरेशनची माणसं ऑफिसात येऊन बसायची, टेबलावर हात आपटायची, आणि मगच पाळीचं वेळापत्रक ठरायचं. भांडून ठरलेलं वेळापत्रक त्यातल्या त्यात पाळलं जायचं, नुसतं वरून आलेलं पहिल्या आठवड्यात मोडायचं, हा त्यांचा अनुभव.

दाजीपूरचं जंगल ओलांडताना गवे दिसतील म्हणून लेक काचेला नाक लावून बसली होती. दिसले नाहीत. फोंडा घाट उतरताना मात्र हवा बदलते ती कानाला कळते. गारठा गळून पडतो आणि अंगाला चिकट ऊब लागते. कणकवलीत जेवायला थांबलो. ओल्या काजूगरांची उसळ नुकतीच सुरू झाली होती. ओले काजूगर, खोबऱ्याचं वाटण, तिखट बेताचं. अण्णांनी पहिल्या घासाला "मिळमिळीत आहे" म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यांदा उसळ मागून घेतली.

कणकवलीहून आम्ही मुद्दाम आचऱ्यावरून गेलो. या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. सरकारी आदेश नाही, दंड नाही. चहाच्या टपरीवर अण्णांनी विचारलं, "कुणी मागं राहिलं तर?" टपरीवाले काका हसले. "कशाक रवतलो?" असा उलटा प्रश्न आला. अण्णांना या उत्तरानं पुढं बराच वेळ काम दिलं.

जाणाऱ्यांसाठी: आंगणेवाडीची जत्रा साधारण याच दिवसांत असते आणि तिची तारीख पंचांगावर नव्हे, देवीच्या कौलावर ठरते. त्या आठवड्यात कणकवली-मालवण रस्त्यावर गाडी घालू नका आणि खोली मिळेल अशी आशाही ठेवू नका.

शनिवार: दांडी, किल्ला आणि संध्याकाळचा लिलाव

राहण्याची सोय मालवणातच, दांडी किनाऱ्याच्या बाजूला एका घरात केली होती. घरमालक काकांनी रात्रीच सांगून ठेवलं होतं की रापण बघायची तर उजाडायच्या आत उठा.

पोचलो तेव्हा होडी जाळं सोडत निघाली होती. रापण कशी असते ते मी ऐकून होतो, पण पाहिल्याशिवाय त्यातला पसारा कळत नाही. जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर राहते. होडी जाळं सोडत समुद्रात मोठी कमान घेते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढता ओढता हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. जवळजवळ तास-दीड तास हे चालतं. मधेच एक आजोबा आमच्याकडे बघून म्हणाले, "दोरी धरूक येता काय?" बायकोनं लगेच चप्पल काढली. मग मलाही लाज वाटून जावं लागलं. ओली दोरी तळव्याला सोलून काढते. कंबरेचा जोर लावायचा, पाय वाळूत रोवायचे आणि पुढच्याच्या पावलाला पाऊल जुळवायचं. एकट्यानं जास्त जोर लावला तर फायदा नाही, दोरी तिरकी जाते. शेवटच्या वीसेक हातांवर सगळेच ओरडायला लागले, आणि जाळ्याचा मधला खोळ पाण्याबाहेर आला तेव्हा आत चांदी फडफडत होती.

बहुतेक पेडवे. थोडे बांगडे, दोन-चार सौंदाळे, मूठभर सुंगटं. आणि केंड. लेकीनं एक केंड काठीनं ढोसला तर तो बघता बघता टम्म फुगला. तिला मजा वाटली, पण निवडायला बसलेल्या एका मावशींनी तो शेपटीला धरून लांब भिरकावला. खायच्या कामाचा नाही, आणि याचे दात जाळं कुरतडून टाकतात. झुंडीनं आले की एका रात्रीत जाळ्याची चाळण होते. मावशींनी जाळ्याचा एक भाग पसरून दाखवला. तळहाताएवढी भोकं, कडा कात्रीनं कापल्यासारख्या.

अण्णांनी तोवर तांडेलांना, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांना, गाठलं होतं. साठीतले गृहस्थ, डोक्याला टॉवेल. अण्णांचा पहिला प्रश्न तयारच होता. उत्तर सविस्तर मिळालं. विक्रीतून खर्च वजा, जाळ्याचा आणि होडीचा वाटा बाजूला, उरलेल्याचे ओढणाऱ्यांत वाटे. कुठल्या रापणीनं किनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात जाळं टाकायचं हे वाडवडिलांपासून ठरलेलं. म्हातारा माणूस नुसता दोरीला हात लावायला आला तरी त्याला कालवणापुरते मासे देतात. अण्णा खूष. "ही आपली दूध संस्थाच की, फक्त फॅटचं मशीन नाही," असं म्हणाले, आणि तांडेलांना दूध संस्था म्हणजे काय ते समजावण्यात आणखी पंधरा मिनिटं गेली.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे "मोडली तर पकडतंय कोण" याला, तांडेलांचा सूर बदलला. हे प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सिंधुदुर्गात कुठल्याही मच्छीमाराशी दहा मिनिटं बोललात तरी ते निघतंच. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल हा राज्याचा समुद्र. त्यात कुणी, कशानं, कधी मासे धरायचे याचा महाराष्ट्राचा कायदा 1981 पासून आहे. कमी खोलीचा किनारी पट्टा, ठिकाणानुसार पाच ते दहा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), ट्रॉलरला, म्हणजे जाळं मागं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीला, बंद. पर्ससीनचं जाळं माशांच्या थव्याला गोल वेढा घालतं आणि तळाची दोरी ओढली की बटव्यासारखं मिटतं. एका फेऱ्यात अख्खा थवा आत. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले आणि राज्याच्या समुद्रात सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. बोटीवर जनरेटर लावून दिव्यांच्या झोतात मासे गोळा करायचे, ती एलईडी मासेमारी, केंद्रानं 2017 मध्ये पूर्ण बंद केली. 2021 मध्ये राज्यानं कायदा सुधारला: निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि एलईडीचा दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत गेला. 2025 च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्तही सुरू झाली.

म्हणजे कागद चोख आहेत. तांडेलांनी पश्चिमेला हात केला. "राती हयसून उजेड दिसता. आमका दिसता ता तेंका कसा दिसणा नाय?"

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "रात्री दोनची मोटार." आणि तेवढ्यावर थांबले, हे विशेष.

दोरी ओढल्याबद्दल आमच्या वाट्याला पानभर पेडवे आले. काकूंनी नाश्त्यालाच तव्यावर कुरकुरीत करून दिले, तांदळाच्या भाकरीबरोबर. पेडव्यातले काटे काढायचे नाहीत, चावून खायचे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर इतकी वर्षं सुरमईवर पैसे घालवले नसते.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला. जेट्टीवरून होड्या सुटतात त्या पाळीनं. होडीवाल्यांची संघटना आहे, एक भरली की दुसरी लागते, गिऱ्हाईक ओढाओढी नाही. अण्णांनी इथंही मान डोलावली. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर पायाभरणी झालेला हा किल्ला आपण शिवरायांचा म्हणून बघतो, ते बरोबरच. पण कोल्हापूरकरांसाठी त्यात एक वेगळा धागा आहे आणि आमच्याकडच्या बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. अठराव्या शतकात सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. 1765 साली इंग्रजांनी तो जिंकून फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं, कोल्हापूरकरांनी पुढच्याच वर्षी पैसे मोजून परत मिळवला, आणि शेवटी 1812 च्या तहात मालवण बंदर इंग्रजांना द्यावं लागलं. म्हणजे एके काळी कोल्हापूरला समुद्र होता. हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग आपण तो परत मागायचा की." तटावर उभे असलेले दोन मुंबईकर पर्यटक दचकून बघायला लागले.

आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. शिवराजेश्वराच्या मंदिरात जाऊन आल्यावर बाकीचा वेळ अण्णांनी दूधबावेच्या कठड्यावर घालवला.

किल्ल्याच्या भोवतीचं पाणी म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. 13 एप्रिल 1987 ला जाहीर झालं, एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यात गाभा 3.18, आणि गाभ्यात हा किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक. खडकांवर प्रवाळ आहेत म्हणून हे संरक्षण. पण मालवणात "अभयारण्य" हा शब्द काढला की माणसं अजून सावध होतात. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालू असलेल्या समुद्रावर वन खात्याचा कायदा बसला आणि लोकांनी त्याला विरोध केला, तो दशकानुदशकं चालला. 2010 नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक मोठा प्रकल्प आला. वन, मत्स्यव्यवसाय, पर्यटन आणि मच्छीमार यांना एका टेबलाशी बसवायचं, असा त्याचा रोख होता. टेबल लागलं, हे मोठंच काम म्हणायचं. मला मात्र वाटतं की 1987 ला आधी विचारलं असतं तर पुढची इतकी वर्षं समजूत काढण्यात गेली नसती.

लेकीला स्नॉर्केलिंग करायचंच होतं. नेणारी पोरं मच्छीमारांच्याच घरातली. पाण्यात उतरण्याआधी एकानं दरडावून सांगितलं: पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही, दगड वाटतो तो दगड नाही. नांगरही प्रवाळावर टाकत नाहीत. त्याला विचारलं की हा नियम सरकारचा का तुमचा? म्हणाला, "प्रवाळ मेलो तर गिऱ्हाईक कित्याक येतला?" लेक बाहेर आली ती पोपटी माशांबद्दल झोपेपर्यंत बोलत होती.

जाणाऱ्यांसाठी: पाणी स्वच्छ दिसायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि सकाळीच. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, यांत्रिक मासेमारीला बंदी असते; त्या काळात कुणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती कुठली ते विचारा. जुने लोक तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, मग सरकारी तारीख काहीही असो.

संध्याकाळी बंदरावर लिलाव बघितला. बोली बोटांवर, आणि बोली लावणाऱ्यांत बायकांचा आवाज वरचा. तिथंच मच्छीमार सोसायटीशी संबंधित एक गृहस्थ भेटले. डिझेलचा परतावा, बोटीचे परवाने, योजनांचे अर्ज, सगळं सोसायटीतून जातं. सरकार आणि समुद्र यांच्यातला खरा दरवाजा हाच. जिल्ह्याच्या समित्यांत मच्छीमारांचे प्रतिनिधी असतात, हेही त्यांनी सांगितलं. मग बैठका कुठं? ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी. किती वाजता? सकाळी अकराला. शेजारी टोपल्या रचणारे एक जण खाली मान घालूनच म्हणाले, "बैठकेक जाव की मासे इकू?"

अण्णा म्हणाले, आम्हीपण बैठका अकरालाच घ्यायचो. शेतकऱ्याची दाऱ्याची पाळी सकाळची असली की तो यायचा नाही, आणि आम्ही इतिवृत्तात "अनुपस्थित" लिहायचो.

रात्री बांगड्याचं तिखलं. तिरफळ घातलेलं, भातावर ओतून. काकू "जेवक बसा" म्हणून दोनदा हाक मारून गेल्या तरी अण्णा आणि काका ओसरीवर समुद्र आणि नदी यांचे हिशेब जुळवत बसले होते.

रविवार: परुळे मार्गे वेंगुर्ला, मांडवीची खाडी

मालवण ते वेंगुर्ला रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना माड आणि मोहोरलेले आंबे. मोहोराच्या वासानं बायकोला शिंका सुरू झाल्या त्या वेंगुर्ल्यापर्यंत.

मांडवीच्या खाडीत कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, सफर आहे, आणि ती स्वामिनी नावाचा महिला बचत गट चालवतो. 2017 पासून. होडी वल्हवायची, मोटार नाही. आमच्या होडीवर दोन ताई होत्या. एक वल्हवत होत्या, एक माहिती सांगत होत्या, आणि मधेच दोघी जागा बदलत होत्या. भरती चढत होती. खाडीचं तोंड मागं पडलं तसा गावाचा आवाज बंद झाला, आणि होडी अशा अरुंद पाण्यात शिरली की डोक्यावर फांद्या आणि बाजूला कांदळाची कमानदार मुळं. तिवराची मुळं वेगळी. चिखलातून पेन्सिलीएवढी सरळ वर आलेली, शेकड्यांनी. ताईंनी तिवराचं पान तोडलं नाही, फांदी वाकवून लेकीला जिभेनं चाटायला लावलं. खारट. झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. लेकीनं मग दिसेल ते प्रत्येक पान चाटायचा धडाका लावला, तो थांबवावा लागला.

ताईंना कांदळाची शेंग झाडावरच रुजते हे सांगताना जितका आनंद होत होता तितकाच गटाचा हिशेब सांगतानाही. मी मुद्दाम विचारलं. कांदळवन तोडायला 2005 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी घातली. 2012 ला राज्याचा कांदळवन कक्ष झाला, 2015 ला कांदळवन प्रतिष्ठान, आणि 2017 पासून अशी योजना आली की खाडीकाठच्या गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती स्थापायची, तिनं राखण करायची, आणि त्या बदल्यात गावातल्या गटांना खेकडापालन, कालवं, शिंपले, पिंजऱ्यातले मासे किंवा पर्यटन यातलं काहीतरी उभं करून द्यायचं. बहुतेक खर्च सरकारचा, पण गटालाही स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. हा हिस्सा घालायला लावला हे फार बरं केलं, असं अण्णा म्हणाले. फुकट मिळालेल्या पंपाला ग्रीस कुणी लावत नाही.

सगळीकडे हे चालतं का, असं विचारल्यावर ताई मोकळेपणानं बोलल्या. होडीची सफर चालली, कारण पैसा त्याच दिवशी हातात येतो. खेकड्याचं कठीण, पिल्लं तमिळनाडूहून आणायची, काही वाटेत मरायची, काही पाळल्यावर, आणि मोठा होईपर्यंत कित्येक महिने थांबायचं. थांबणं परवडणाऱ्यालाच ते जमतं. सुरुवातीला गावातले काही जण "बाया होडी चालवतल्या?" म्हणून हसायचे, हेही त्यांनी सांगितलं आणि वल्हं एका फांदीवर टेकवून होडी जागच्या जागी इतकी अलगद वळवली की अण्णांनी "वा!" म्हटलं.

पाळी कोण ठरवतं? गट. कुठली ताई कुठल्या दिवशी, महिन्याच्या सुरुवातीला ठरतं. आजारी पडली तर बदली तिनंच शोधायची.

जेवायला वेंगुर्ल्यातच एका घरगुती खानावळीत गेलो. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, सोलकढी, आणि शेवटी खापरोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. तिसऱ्या खाताना टरफलं ताटात मोठ्यानं टाकायची नाहीत असा आमच्याकडे बायकोचा दंडक आहे. शेजारच्या टेबलावर तो दंडक नव्हता.

जाणाऱ्यांसाठी: सफर भरती-ओहोटीवर अवलंबून असते, म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारूनच जा. दुपारी जाऊ नका. फिक्या रंगाचे कपडे, पाणी, टोपी. आणि गप्पा कमी, नाहीतर खंड्या उडून जातो आणि ताई तुमच्याकडे बघतात.

सोमवार: वायंगणी, आंबोली, आजरा

वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी होतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. मागं वळून बघत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालून पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी जाळीच्या कुंपणात, तितक्याच खोलीवर, पुन्हा पुरतात. वन खात्याकडून त्यांना मानधन मिळतं.

पिल्लं निघतील याची हमी कुणी देत नाही. आम्हाला दिसली. एका घरट्यावरची टोपली उचलली तर खाली वीस-बावीस पिल्लं, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी, एकमेकांच्या अंगावरून चढत. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद. त्यांना वाळूवर सोडलं आणि ती निघाली. एक सारखं उलट्या दिशेला, आमच्याकडे यायला लागलं. लेक रडवेली. कासवमित्रानं हात न लावता नुसतं थांबायला सांगितलं; मिनिटभरात ते स्वतःच वळलं.

तोच मुलगा सकाळी कासवं बघतो आणि इतर दिवशी चुलत्याच्या होडीवर जातो. त्याच्याकडून दुसरी बाजू कळली. कासव, देवमासा, संरक्षित यादीतलं काहीही जाळ्यात अडकलं तर जाळं कापून सोडायचं, आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. 2018 च्या अखेरीला ही योजना सुरू झाली. त्यासाठी पुरावा म्हणून फोटो लागतो. "आता होडी हलता, कासव फडफडता, एका हातात सुरी," तो हसत सांगत होता, "आणि मोबायल कोणी धरायचो?" तरी लोक सोडतात, फोटोही काढतात. पहिल्या पहिल्या अर्जांना पैसे मिळाले ही बातमी होड्याहोड्यांवर पसरली म्हणून, असं त्याचं म्हणणं. परिपत्रक कुणीच वाचलं नव्हतं.

अण्णांनी त्याला तिन्ही प्रश्न विचारले. तो जरा विचार करून म्हणाला, समुद्र सरकारचा, किनारा गावाचा, आणि कासव त्याचं त्याचं. अण्णांनी वहीत लिहून घेतलं. ही वही गाडीत होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सावंतवाडी मागं टाकून आंबोली चढलो. वर भजी आणि चहा, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा कोरडा वारा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. पोतं उघडं असेल तर वास दारातच येतो, येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. पुढं उत्तूर, निपाणी, हायवे. निपाणीच्या पुढं अण्णांनी वही उघडली आणि जाहीर केलं की पाटबंधारेतल्या जुन्या सहकाऱ्यांना ते एक पत्र लिहिणार आहेत: उपसाबंदीची बैठक संध्याकाळी सातला, आणि ऑफिसात नाही, बंधाऱ्यावर. कोण ऐकतंय, असं बायको म्हणाली. "ऐकू दे नाहीतर न ऐकू दे," अण्णा म्हणाले, "आवक-जावक नंबर तर पडंल."

शेवटची सूचना मासे आणणाऱ्यांसाठी. थर्मोकोलचा डबा कोल्हापूरहूनच न्या, बर्फ बंदरावर मिळतो, बांगडे साफ न करता आणा. आणि परतायचा वार बघून खरेदी करा. आम्ही पोचलो सोमवारी. घरात सोमवार आईचा, मंगळवार अंबाबाईचा. चार किलो बांगडा बुधवारपर्यंत फ्रीझरमध्ये, आणि फ्रीझरमधलं आईस्क्रीम सगळं त्याच दिवशी संपवावं लागलं.